ज्याची वेळ चालू, त्याच्याशी बोलू नये

मी एक जुनं घड्याळ आहे, मित्रांनो. भिंतीवरचं नाही आणि मनगटावरचंही नाही. मी बुद्धिबळाचं घड्याळ. एकाच लाकडी पेटीत माझ्या दोन तबकड्या शेजारी शेजारी बसवलेल्या आहेत, म्हणून मंडळातले लोक मला दुतोंड्या म्हणायचे. नावावरून मी लबाड असेन असं तुम्हाला वाटेल, पण लबाडी मला जमत नाही. मी आहे भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं माझं सगळं आयुष्य गेलं. आताही हे सांगायला बसलो आहे, तर आतल्या चाकांना कापरं भरलं आहे.

घाबरायला मी जन्माच्या दिवशीच सुरुवात केली. ज्या घड्याळजीनं मला बनवलं, तो बारीक चणीचा आणि सतत काहीतरी गुणगुणणारा माणूस होता. त्यानं माझ्या डाव्या अंगात एक यंत्र बसवलं, उजव्या अंगात दुसरं, आणि माथ्यावर दोन पितळी खुंट्या लावल्या. एका बाजूची खुंटी दाबली की ती बाजू थांबते आणि दुसरी चालू लागते. त्यानं पहिल्यांदा खुंटी दाबली आणि माझं डावं अंग जागच्या जागी थांबलं. मला वाटलं, मी अर्धा मेलो! घड्याळजीनं मात्र बायकोला हाक मारली आणि म्हणाला, "बघ गं, काय सुरेख थांबतंय." माझी घाबरगुंडी उडाली होती आणि या माणसाला ते सुरेख वाटत होतं. तेव्हापासून माझी दोन्ही काळजं कधी एका वेळी धडधडली नाहीत. एक चालू असलं की दुसरं गप्प असतं.

घड्याळजीच्या बायकोनं दोन्ही तबकड्यांवर बाराच्या आकड्यापाशी पत्र्याची एकेक लाल झेंडी बसवली. मोठा काटा बाराजवळ येऊ लागला की झेंडी हळूहळू वर उचलली जाते, आणि बारा वाजले की टप्पकन खाली पडते. झेंडी पडली की त्या खेळाडूची वेळ संपली आणि डाव गेला. पटावर तो जिंकत असला तरी गेला. दोन्ही खुंट्यांवर हात ठेवून त्या मधोमध, अर्ध्यावर आणल्या, तर माझी दोन्ही अंगं थांबतात. असं ज्यानं थांबवलं त्यानं हार मानली, असा जुना रिवाज होता. तेवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मला विकत घेतलं ते एका खेळाडूनं. आपण त्याला बाबा म्हणू, कारण ज्या दोन भावंडांची गोष्ट मी सांगणार आहे, त्यांचे ते वडील. बाबांनी मला त्यांच्या बुद्धिबळ मंडळात नेलं. ते मंडळ एका छापखान्याच्या वर होतं. लाकडी जिना, वर लांबट खोली, ओळीनं मांडलेली टेबलं आणि कोपऱ्यात चहाची किटली. खाली यंत्र सुरू झालं की जमीन थरथरे आणि पटावरची प्यादी जागच्या जागी नाचत. नव्या खेळाडूंना त्याची गंमत वाटे. मला मात्र वाटे, आज जमीन खचते आणि आपण सगळे शाईत बुडतो.

तिथं मी पुष्कळ वर्षं काम केलं. काही जण खुंटी दाबत, काही जण थोबाडीत दिल्यासारखी मारत. सोंगट्यांकडे बघणारे खेळाडूचं डोकं ओळखत असतील, मी त्यांची बोटं ओळखायचो. चेहऱ्यावर हसू असलं तरी बोट ओलं असायचं. सगळेच घाबरलेले असत, मित्रांनो. त्यामुळे मला तिथं घरच्यासारखं वाटायचं.

बाबा माझं फार कौतुक करत. "याच्यासारखा सरळ पंच नाही," असं म्हणून दर आठवड्याला फडक्यानं माझी काच पुसत. त्यांनीच मंडळात एक पद्धत पाडली होती. डाव सुरू होण्याआधी आपल्या बाजूला आपण चावी द्यायची नाही, समोरच्याच्या बाजूला द्यायची. "आपण समोरच्याला वेळ द्यायचा असतो," असं ते सांगत. दुसरा नियम तर त्यांनी रंगाऱ्याकडून पाटीवर लिहून घेतला होता आणि पाटी भिंतीवर टांगली होती. पाटीवर होतं, ज्याची वेळ चालू, त्याच्याशी बोलू नये. कुणी विचार करत असताना शेजारी साधा खोकला तरी बाबा त्या पाटीकडे बोट दाखवत.

त्यांची थोरली मुलगी, म्हणजे ताई, सगळ्यात सावकाश. बुटाची नाडी बांधायला बसली की जिन्यावर रांग लागायची. बाबा म्हणत, "ही पोर दूध प्यायला बसली, की पिऊन होईपर्यंत त्यावर साय धरते." धाकट्याचं उलटं. त्याचा हात आधी पुढं जाई आणि डोकं मागून येई. जिना तो उतरायचा नाही, घरंगळायचा. दोघंही माझ्या काचेत तोंड बघत मोठी झाली. खेळही दोघं इथंच शिकली आणि पुढं दोघांनीही तोच पोटापाण्याचा उद्योग केला.

आता जे सांगायचं आहे, ते सांगताना माझं तेल गोठतं.

मंडळाच्या वार्षिक स्पर्धेचा शेवटचा डाव होता. बाबा डाव्या बाजूला आणि समोर धाकटा. ओठांवर मिशी फुटलेला, ऐन भरातला. त्यानं रिवाजाप्रमाणे बाबांच्या बाजूला चावी दिली आणि बाबांनी त्याच्या. ताई शेजारच्या टेबलावर आपला डाव खेळत होती. दुपार कलली तरी डाव रंगलेलाच होता. मग धाकट्यानं घोडा असा काही उडवला, की बघणाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. त्यानं खुंटी दाबली आणि माझं डावं अंग चालू झालं. बाबांनी कपाळाला हात लावला, कोपर टेबलावर टेकलं आणि ते विचारात गेले.

निदान सगळ्यांना तसं वाटलं. बाबा हलले नाहीत. त्यांच्यापुढचा चहा निवला. खालचं यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, प्यादी नाचली, पण त्यांनी नजर उचलली नाही. धाकटा खुशीत होता. बाबांना आपण अडकवलं म्हणून त्याचे पाय टेबलाखाली ठेका धरत होते. ताईनं एकदा मान वळवून पाहिलं आणि ती आपल्या पटाकडे वळली. बाबांची वेळ चालू होती ना! त्यांच्याशी बोलणार कोण? पाटी त्यांचीच होती. मोठा काटा बाराकडे सरकला, झेंडी वर उचलली गेली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त टिकटिक करता येते, आणि ती ऐकून लोक उलट निर्धास्त होतात.

झेंडी पडली. धाकटा हसून म्हणाला, "बाबा, तुमची झेंडी पडली!"

बाबांनी उत्तर दिलं नाही. त्यांचा हात कपाळावरून निसटला आणि ते एका अंगावर कलंडले. मग धावाधाव झाली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, बराच वेळ झालेला दिसतो, थोडं आधी कळलं असतं तर. दोन-तीन दिवसांनी बाबा गेले. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं माणसं म्हणतात. त्या दिवशी दोन्ही आले होते, आणि वेळ तर माझ्याच पोटात चालू होती.

त्यानंतर कित्येक वर्षं धाकटा माझ्या समोर बसला नाही. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण लवकरच मंडळात नवी घड्याळं आली. प्लास्टिकची, आकडे चमकणारी, सेलवर चालणारी. प्रत्येक खेळीनंतर ती खेळाडूला आपणहून थोडा वेळ वाढवून देत. मला ते कसं जमावं? चिटणिसांनी मला कपाटात ठेवलं. हे चिटणीस म्हणजे मंडळाचे पंचही आणि किटलीवाल्याचे साहेबही. कपाटात काळोख होता आणि एक पाल होती. पालीनं चुकचुक केली की मला वाटे, हीच आता आपलं उरलेलं काम करणार. तेल वाळत गेलं. भंगारवाल्याची हाक रस्त्यावरून आली की मी श्वास रोखून धरायचो. तसाही माझा श्वास बंदच होता, पण भीतीला काही कळतं का?

अशाच एका दिवशी कपाटाच्या दारापलीकडे मोठा गलका झाला. व्यावसायिक खेळाडूंची सभा आमच्या खोलीत भरली होती. अजिंक्यपदाची स्पर्धा पूर्वीसारखी लांब डावांची ठेवायची, की जलद डावांची करायची, हे ठरवायचं होतं. जलद म्हणजे किती, तर चहा गार व्हायच्या आत डाव संपला पाहिजे. ठराव आणला होता धाकट्यानं.

"सहा-सात तासांचा डाव आता कोण बघतं हो?" तो म्हणत होता. "लोक येतात, जांभई देतात, निघून जातात. जलद खेळा, दिवसाला दहा डाव होतील. जग कुठल्या कुठं गेलं."

"जाऊ दे ना," ताईचा आवाज आला. "मी येते मागून. सावकाश."

सगळे हसले. पण ताई हसली नाही. तिच्या आवाजात जे होतं, ते मला लगेच ओळखू आलं. मी त्यातला जाणता आहे.

"हे बघा," ती म्हणाली, "मला जलद खेळता येत नाही. प्रयत्न करून झाला. जे दिसायला मला अर्धा तास लागतो, ते मला अर्ध्या तासानंच दिसतं, पण तेव्हा ते दुसऱ्या कुणाला दिसलेलं नसतं. हा ठराव झाला तर माझा खेळ संपला. दुसरं काही येत नाही मला. बाहेर काढायचं असेल तर सरळ सांगा, उगीच प्रेक्षकांचं नाव नको."

"ताई, तुला कोण बाहेर काढतंय?"

"तूच की!"

छापखान्याचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते घसा खाकरून म्हणाले, "दोघांचंही खरं आहे. आधी चहा प्या." चहा झाला आणि चहाबरोबर तोडगाही निघाला. बहीण-भावानं सगळ्यांसमोर दोन डाव खेळायचे. आज एक जलद, उद्या एक लांब. ते बघून मग मतदान.

जलद डाव मी कपाटातून फक्त ऐकला. नुसती टपटप, टपटप, आणि शेवटी सोंगट्या खाली पडल्याचा आवाज. ताईचा हात घाईत हत्तीला लागला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटा जिंकला होता. दार बंद असूनही मला कळत होतं, की टाळ्या वाजवणारे हात उद्या कुठल्या बाजूला वर होणार आहेत.

मग अचानक कपाट उघडलं. उजेडात ताईचा चेहरा होता. "उद्याचा डाव बाबांच्या घड्याळावर," ती म्हणाली. धाकटा तिच्यामागे उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कशाला ते जुनं काढतेस?" एवढंच तो म्हणाला, पण काकांना आणि बाकीच्या म्हाताऱ्या मंडळींना कल्पना आवडली. ताईनं घरी नेऊन माझ्या चाकांना तेल दिलं, काच पुसली. मी किती सुखावलो! आणि किती घाबरलो! आपण मध्येच बंद पडलो तर? हिचा डाव आपल्यामुळं गेला तर?

दुसऱ्या दिवशी ताई डाव्या बाजूला बसली. धाकट्यानं रिवाजाप्रमाणे तिच्या बाजूला चावी दिली. मित्रांनो, त्याची बोटं बर्फासारखी गार होती आणि चावी दोनदा त्याच्या हातातून निसटली. खोली माणसांनी भरली होती. जांभया देणारे प्रेक्षक आज उभे राहून बघत होते.

डाव संथ चालला. दुपारपर्यंत ताईची बाजू पडती झाली. तिचा हत्ती कोपऱ्यात कोंडला गेला आणि धाकट्याचा वजीर तिच्या राजाच्या अंगणात येऊन उभा राहिला. हा डावही गेला तर मतदान कशाला हवं? धाकट्यानं खेळी केली, खुंटी दाबली, आणि माझं डावं अंग चालू झालं. ताईनं कपाळाला हात लावला. कोपर टेबलावर टेकलं. आणि ती हलेनाशी झाली.

त्याच बाजूला, त्याच हातानं, तशीच. माझ्या पाचावर धारण बसली. मी धाकट्याकडे बघत होतो, धाकटा ताईकडे बघत होता. खालचं यंत्र सुरू झालं, प्यादी नाचली. ताईची पापणी लवली नाही. धाकट्याचा पाय टेबलाखाली थरथरू लागला. यावेळी तो ठेका नव्हता. काटा बाराकडे निघाला होता.

"ताई," तो हळूच म्हणाला.

चिटणिसांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरं बोट भिंतीवरच्या पाटीकडे दाखवलं.

"ताई, हात हलव."

"एक शब्दही आणखी नको," चिटणीस करड्या आवाजात म्हणाले. ताई हलली नाही. माझी लाल झेंडी वर उचलली जाऊ लागली. मग धाकट्यानं हात पुढं केला आणि खुंट्या मधोमध आणून मला थांबवलं. माझी दोन्ही काळजं थांबली. हरलेल्या कितीतरी हातांनी मला असं थांबवलं होतं. जिंकणाऱ्या हातानं कधीच नाही.

टिकटिक थांबली आणि ताईनं मान वर केली. "काय रे? का थांबवलंस?"

धाकट्यानं तिचा हात घट्ट धरला.

"अरे, मी विचार करत होते."

"बाबाही विचारच करत होते ना?" तो म्हणाला. "सगळ्यांना तसंच वाटलं. मी समोर बसलो होतो गं. मी खूश होतो. त्यांची झेंडी पडली तेव्हा मी हसलो होतो, ताई."

ताईनं खुर्ची ओढली, त्याच्याजवळ जाऊन बसली आणि लहानपणी पुसायची तसं ओढणीच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं. "मीही पाहिलं होतं रे मान वळवून," ती म्हणाली. "मला वाटलं, किती छान विचार करताहेत बाबा. तेवढंच वाटलं."

चिटणिसांनी नियमाप्रमाणे डाव ताईच्या नावावर लावला. मग धाकटा सगळ्यांपुढं उभा राहिला. "प्रेक्षकांबद्दल मी बोललो ते खोटं नाही," तो म्हणाला. "पण माझं खरं कारण ते नव्हतं. जलद डावात कुणाला फार वेळ गप्प बसताच येत नाही, म्हणून मला तो हवा होता. माझ्या भीतीपायी मी हिचा खेळ बंद करायला निघालो होतो. माझं मत लांब डावाला."

मतदान अटीतटीचं झालं. काहींना त्याचं पहिलं म्हणणंच पटलं होतं, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. जलद डावांची वेगळी स्पर्धा सुरू झाली आणि तिथं गर्दीही होते. पण अजिंक्यपद लांब डावांचं राहिलं आणि ताईचा खेळही राहिला. रंगाऱ्याला बोलावून भिंतीवरच्या पाटीखाली एक ओळ वाढवली: पण बरं आहे ना, एवढं विचारावं.

लांब डाव वाचला, मी मात्र वाचलो नाही. स्पर्धांमध्ये आता सगळीकडे चमकणारी घड्याळंच लागतात. ताईनं मला घरी नेलं. मी तिच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या शेजारी असतो. फोडणी तडतडली तरी दचकतो, पण सुट्टीच्या दिवशी धाकटा येतो आणि मला खाली उतरवतात. पहिल्याच खेपेला त्यांनी तो अर्धवट डाव पुन्हा मांडला. ताई म्हणाली, "तू जिंकत होतास असं वाटतंय ना तुला? माझ्या हत्तीला वाट सापडली होती. तेवढ्यात तू घाबरलास." धाकटा तासभर पटाकडे बघत बसला आणि वाट खरीच होती.

ती विचारात गेली, की तो थोड्या वेळानं विचारतो, "आहेस ना?"

"आहे रे बाबा. विचार करू दे."

मित्रांनो, भंगारवाल्याची हाक अजून येते आणि मी अजून घाबरतो. मला तेल द्या, चावी द्या, काच पुसा, असं सांगावंसं फार वाटतं. पण माझ्यासाठी नाही, दुसऱ्याच गोष्टीसाठी मी तुम्हाला विनवतो आहे. तुमच्या घरात कुणी फार वेळ गप्प बसलेलं दिसलं, तर ते विचारच करत असेल असं धरून चालू नका. रागावतील, डाव मोडेल, मोडू दे. जवळ जा आणि विचारा. माझ्या टिकटिकीवर विसंबू नका, कारण घड्याळ चालू आहे म्हणून समोरचं माणूसही चालू आहे, असं नसतं.